बुधवारचा स्वयंपाक आणि यतीनची ई-मेल

"एका ई-मेलचं काम आहे!" असं यतीन खासनीस म्हणाला, की त्याची बायको मीनल हातातलं काम टाकून धावत यायची. कारण गेल्या वर्षी यतीनने कचऱ्याचा एक जादा डबा हवा म्हणून कौन्सिलला ई-मेल केली होती. मंगळवारी कौन्सिलची माणसं आली आणि होता तो डबाही घेऊन गेली!

या वेळी मामला डब्याचा नव्हता, पोरीचा होता. वरदा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होती. मॅथ्स, फर्दर मॅथ्स, फिजिक्स असे तीन दणदणीत विषय, आणि डोळ्यांपुढे एअरोनॉटिकल इंजिनीअरिंग. युनिव्हर्सिटीचा फॉर्म भरायचा होता. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातल्या त्या घरात सप्टेंबरपासून दुसरा विषय नव्हता. यतीनने फ्रिजवर तक्ता लावला होता, त्यात वरदाच्या झोपेचासुद्धा रकाना होता.

आणि अशात शाळेने कळवलं, की शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला बुधवारी दुपारी दोन तास एक अभ्यासाबाहेरचा वर्ग सक्तीचा आहे. बागकाम, कुंभारकाम, समूहगान किंवा स्वयंपाक. वरदाने नाव द्यायला उशीर केला, तिला स्वयंपाक मिळाला.

"स्वयंपाक?" यतीन ओरडला. "विमानाला फोडणी द्यायचीये का?"

"बाबा, सगळ्यांना करावी लागते," वरदा म्हणाली. वरदाचा जन्म इथलाच, त्यामुळे मराठीतली लिंगं तिच्या तोंडी ट्रेनच्या प्लॅटफॉर्मसारखी ऐन वेळी बदलायची. "मला चालतो. इट्स फाइन."

पण यतीनला चालत नव्हतं. त्याने स्लाऊला राहणाऱ्या मित्राला, अनुपला फोन लावला. अनुपचा मुलगा मागच्याच वर्षी युनिव्हर्सिटीत गेला होता, तेव्हापासून अनुप स्वतःला कुलगुरू समजत असे.

"युनिव्हर्सिटीवाले सगळं बघतात रे," अनुप गंभीरपणे म्हणाला. "बाकीच्यांची मुलं रोबोट करतायत आणि तुझी मुलगी लसूण सोलतेय. काय दिसेल ते?"

झालं! यतीन लॅपटॉप घेऊन बसला. नुसतं 'सूट द्या' म्हटलं तर शाळा देणार नाही, भक्कम कारण हवं, असा त्याने विचार केला. मग त्याने लिहिलं, की वरदाला या वर्गाची मुळीच गरज नाही, कारण ती घरी रोज सगळा स्वयंपाक करते. शिवाय भांडी, इस्त्री आणि साफसफाईही तीच बघते. एवढ्यावर थांबला असता तरी निभावलं असतं. पण यतीनचा हात एकदा चालायला लागला की थांबत नाही. त्याने पुढे जोडलं, "माझी पाठ धरलेली असते, तेव्हा मलाही तीच सांभाळते."

आता खरं सांगायचं, तर वरदाला अंडं उकडायचं म्हटलं तरी त्याचा व्हिडिओ लागायचा. आणि यतीनची पाठ धरायची ती फक्त घर झाडायचा हूवर फिरवायची वेळ आली की!

दुसऱ्याच दिवशी फोन आला. मिसेस ब्लॅकवेल, वरदाच्या सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या प्रमुख. आवाज इतका हळुवार, की यतीनला वाटलं कोणीतरी गेलं.

"मिस्टर खासनीस, तुम्ही हे मोकळेपणाने सांगितलंत त्याबद्दल आभार," त्या म्हणाल्या. "इतके दिवस वरदा एवढं ओझं उचलतेय आणि आम्हाला पत्ताच नाही! ती यंग केअरर आहे, हे आम्ही ओळखायला हवं होतं."

घरातल्या आजारी माणसाचं सगळं करणाऱ्या मुलांना इथे यंग केअरर म्हणतात. हे यतीनच्या डोक्यात शिरायच्या आत बाई पुढे निघूनही गेल्या. शाळा वरदासाठी समुपदेशक देईल. गृहपाठाला मुदतवाढ देईल. आणि फॉर्मसोबत शाळेचं जे शिफारसपत्र जातं, त्यात 'विशेष परिस्थिती' अशी एक चौकट असते, तिथे हे सगळं लिहिता येईल.

"त्याचा काही फायदा असतो?" यतीनने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"काही युनिव्हर्सिटी अशा मुलांना एखादी ग्रेड कमी असली तरी घेतात."

यतीनच्या डोळ्यांसमोर दिवाळी! 'अहो, गैरसमज झाला' हे वाक्य त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, ते त्याने तिथल्या तिथे गिळलं.

"पाठ फारच दुखते हो," तो म्हणाला.

"मग मी गुरुवारी साडेचारला घरी येऊन जाते," बाई म्हणाल्या.

वरदाला हे कळलं तेव्हा तिने दप्तर सोफ्यावर आपटलं. "तू खोटा लिहिला? बाबा! माझी नाव खराब होणार! इट्स फ्रॉड!"

"एक ग्रेड कमी चालते, बेटा!"

"मला नको कमी ग्रेड! मला नको काय पण!"

"मी सांगते, आत्ताच्या आत्ता फोन कर आणि खरं सांग," मीनल म्हणाली.

"गुरुवारी समोरासमोर सांगतो. फोनवर बरं दिसत नाही," यतीन म्हणाला. हे म्हणताना त्याने गरम पाण्याची पिशवी कुठे ठेवलीये, तेही विचारून घेतलं!

गुरुवारी मिसेस ब्लॅकवेल आल्या त्या हातात भलामोठा लझानिया घेऊन. शिक्षकांनी मिळून केला होता. वर चिठ्ठी, 'वरदाला आज स्वयंपाकाला सुट्टी.' मीनलने ती वाचली आणि तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, कारण सतरा वर्षं त्या घरात स्वयंपाकाला सुट्टी न मिळालेली बाई तीच होती.

यतीन सोफ्यावर आडवा. पाठीखाली तीन उशा, पोटावर शाल, चेहरा असा, की जणू डॉक्टरांनी हात टेकलेत. लझानिया पाहून त्यालाही क्षणभर लाज वाटली. पण ती एक ग्रेड काही डोळ्यांपुढून हलेना.

"बसा ना. वरदा चहा करेल," तो क्षीण आवाजात म्हणाला. "आमच्या घरी चहा तिच्याच हातचा!"

वरदाने त्याच्याकडे असं पाहिलं, की खरा आजारी असता तर तिथेच गेला असता. पण ती उठली. मीनल मागोमाग निघाली, तर बाईंनी तिचा हात धरला. "तुम्ही बसा. तुमच्याशी बोलायचंय. हे सगळं तुम्हालाही जड जात असेल ना?"

"फार," मीनल म्हणाली. मनापासून म्हणाली.

आत वरदा विचार करत होती. आईच्या चहात दूध, पाणी, साखर, आलं सगळं एकत्र उकळतं, एवढं तिला माहीत होतं. उकळायचं म्हणजे केटल! तिने दूध, साखर, चहाची पावडर आणि आल्याचा एक अख्खा गड्डा विजेच्या केटलमध्ये घातला आणि बटण दाबलं.

आधी घर्रघर्र आवाज आला. मग जळक्या दुधाचा वास. मग केटलचं झाकण उडालं, फेस ओट्यावरून जमिनीवर आला आणि धूर थेट हॉलमध्ये! छतावरचा स्मोक अलार्म असा किंचाळायला लागला, की शेजारचं कुत्रंही सुरात सूर मिसळून रडू लागलं.

"वरदा! बाजूला हो!" यतीन ओरडला. शाल एकीकडे, पिशवी दुसरीकडे! एका उडीत तो सोफ्याची पाठ ओलांडून गेला, केटलचं भिंतीवरचं बटण बंद केलं, जेवणाची खुर्ची एका हाताने उचलून आणली, तिच्यावर चढला आणि टॉवेल घेऊन अलार्मखाली असा काही फिरवू लागला, की जणू वर्ल्ड कप जिंकलाय! शेवटी अलार्म थांबला. कुत्रं थांबलं. सगळे थांबले. यतीन मात्र खुर्चीवर, टाचा उंचावून, टॉवेल हवेत.

मिसेस ब्लॅकवेल त्याच्याकडे बघत होत्या.

"पाठीला बराच आराम पडलेला दिसतो," त्या म्हणाल्या.

वरदा दुधाने माखलेल्या मोज्यांनिशी दारात आली. तिचे डोळे भरले होते. धुराने की रागाने, कोण जाणे. "मिस, मी केअरर नाहीये," ती इंग्रजीत म्हणाली. "मला काहीच येत नाही. बाबांना मला बुधवारच्या वर्गातून काढायचं होतं. आणि मी तिथे जाऊन आलेय, मला तो वर्ग आवडतो. आठवड्यातले ते दोनच तास मला कोणी ग्रेड विचारत नाही."

यतीन खुर्चीवरून उतरला. या वेळी खरोखरच सावकाश उतरला. मुलगी काय म्हणाली ते अलार्मपेक्षा जास्त वेळ त्याच्या कानात राहिलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "तिला काही शिक्षा करू नका. मला वाटलं, फॉर्मवर स्वयंपाक दिसला तर तिचं नुकसान होईल."

मिसेस ब्लॅकवेलनी कपाळाला हात लावला. "मिस्टर खासनीस, तो वर्ग फॉर्मवर जातच नाही! त्याला ना ग्रेड, ना गुण. युनिव्हर्सिटीला कळतसुद्धा नाही. तुम्ही फोन करून विचारलं असतंत, तर मी अर्ध्या मिनिटात सांगितलं असतं."

"मग तो वर्ग ठेवलाय कशाला?" यतीनने विचारलं.

"पुढच्या वर्षी ही मुलं एकेकटी राहणार आहेत," बाईंनी ओट्यावरच्या केटलकडे बोट केलं. "यासाठी!"

मग त्यांनी सगळ्यांना लझानिया वाढला. जाताना त्या एवढंच म्हणाल्या, की शिफारसपत्र सोमवारी लिहायचंय, आणि त्यात खरं तेच लिहावं लागतं.

तो शनिवार-रविवार यतीनने जेलमध्ये काढावा तसा काढला. फ्रिजवरचा तक्ता त्याने स्वतःच्या हाताने उतरवला. वरदा त्याच्याशी बोलत नव्हती. बुधवारी ती डब्यातून मसुराची आमटी घेऊन आली आणि न बोलता त्याच्यासमोर ठेवली. मीठ जरा जास्त होतं. यतीनने दोनदा घेतली.

"मीठ जास्त पडली," वरदा म्हणाली.

"पडली तर पडली," यतीन म्हणाला. बोलणं सुरू झालं.

पुढच्या आठवड्यात मिसेस ब्लॅकवेलनी शिफारसपत्र पाठवण्याआधी वरदाला दाखवलं. अभ्यासाबद्दल चार ओळी, सगळ्या कौतुकाच्या. 'विशेष परिस्थिती'च्या चौकटीत मात्र एकच वाक्य होतं. घरी आल्यावर वरदाने ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. 'घरून सतत मिळणाऱ्या मदतीला तोंड देत वरदाने ही प्रगती केली आहे.'

मीनल हसून हसून खुर्चीत बसली.

यतीन ताठ झाला. त्याने ते वाक्य वरदाकडून पुन्हा एकदा वाचून घेतलं आणि लगेच अनुपला फोन लावला.

"बघ!" तो अभिमानाने म्हणाला. "शाळेने माझ्या मदतीची लेखी दखल घेतली!"