मीटर शून्यावर आणताना

ओव्हनच्या काचेतून केकवाली आपला केक फुगताना कौतुकानं बघत होती, आणि नेमकं तेवढ्यात भाड्याच्या घरातल्या प्रीपेड मीटरमधले पैसे संपले. अंधार झाला. केक जो बसला, तो बसलाच.

"पुन्हा!" तिनं कपाळावर हात मारला. "रविवारी हॉटेलवाल्यांना नमुना द्यायचाय. तोही असाच बसला, तर कायमची ऑर्डर गेली म्हणून समजा."

तिनं आईला फोन करून पोटभर रडून घेतलं. आई म्हणाली, "मीटरचा नंबर दे बघू. मी इथून पैसे टाकत जाईन." हिनं दिला आणि विसरून गेली. रडताना माणसानं कुणालाही कसलाही नंबर देऊ नये, पण हे शहाणपण नेहमी नंतर सुचतं.

इकडे नवरोबांनी कंबर कसली. "हा मीटरच नको. महिन्याला बिल येणारा साधा घेऊ." घरमालकानं लगेच हो म्हटलं. तिथंच खरं तर शंका यायला हवी होती. वीज कार्यालयातला कारकून मान वर न करता म्हणाला, "जुन्यात शिल्लक असेल तर तो काढता येत नाही. आधी शून्यावर आणा. शनिवारी माणूस येईल."

"पण शून्यावर आणला तर लाइट जाईल ना हो?"

"मग? जाणारच."

झालं! एक दिवा चालू राहिला तरी ज्या घरात बोंबाबोंब व्हायची, तिथं भरदुपारी गीझर, इस्त्री, पंखे, रिकामा ओव्हन, सगळं सुरू झालं. नवरोबा स्टुलावर चढून मीटरकडे डोळे लावून उभे. आकडा उतरत उतरत शून्याजवळ यायचा आणि टुणकन वर जायचा.

"भूत आहे गं यात!" ते रडकुंडीला आले. तेव्हा कुठं बायकोला आठवलं.

"आई, तू पैसे टाकतेयस का?"

"मग काय! संपत आले की मला मेसेज येतो. लगेच टाकते."

"अगं, नको टाकूस! आम्हाला लाइट घालवायचीय."

आईनं हळूच विचारलं, "जावई बरे आहेत ना गं?"

आईकडून वचन घेतलं. शनिवारी सकाळी मीटर एकदाचा शून्यावर आला. दोघं अंधाऱ्या खोलीत आनंदानं वाट बघत बसली. दुपार गेली. दोघांचे मोबाइलही मान टाकून पडले. कुणी फिरकलं नाही. संध्याकाळी जिन्यात खालच्या काकू भेटल्या.

"अहो, होतात कुठं? मीटरवाला किती वेळ तुमची बेल दाबत होता. कंटाळून गेला बिचारा. आता पुढच्या महिन्यात येतो म्हणाला."

नवरोबांनी बेलकडे पाहिलं. तीही विजेवरच चालायची.

"मेल्याला दार वाजवता येत नव्हतं?" ते ओरडले. बायको उंबऱ्यातच बसली. उद्याचा नमुना आता चुलीवर भाजायचा की काय? तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि भक्कन लाइट आली. मोबाइलमध्ये जीव येताच आईचा फोन.

"कधीची लावतेय, फोन बंद! जीव नुसता टांगणीला लागला. म्हटलं गेलं ते वचन खड्ड्यात. वर्षभराचे पैसे टाकलेत. आता वर्षभर मीटरकडे बघूसुद्धा नका."

"वर्षभराचे!" नवरोबा मटकन स्टुलावर बसले. "संपलं सगळं. हा आता कधी शून्यावर यायचा?" जड पावलांनी उठून ते गीझर लावायला निघाले.

बायको अंडी फोडत होती. नमुन्याचीच.

"खबरदार," ती म्हणाली, "बटणाला हात लावलात तर."