दक्षिण वेशीची पाठवणी

दक्षिण वेस पहिल्यांदा फिरायला निघाली तेव्हा डॉ. रेवती आपटीकर तिथे नव्हत्या, त्यामुळे त्या प्रसंगाविषयी त्या काहीही सांगत नाहीत. आधी डावा बुरूज उचलला गेला की उजवा, यावरून शहरात दोन तट आहेत आणि पुरावा दोघांकडेही नाही. पुढे रोज संध्याकाळी वेशीच्या सोबतीला जाण्याचे काम नगरपालिकेने रेवतीबाईंकडे सोपवले, कारण त्या कॉलेजात इतिहास शिकवत आणि त्यांचे गुडघे दुखत नसत.

वेस सावकाश चाले. कमानीखालून सायकली आणि रिक्षा नेहमीसारख्या जात-येत. कल्हईवाल्याच्या भट्टीपाशी ती थांबे, रसवंतीची घुंगरे ऐके, भाजीवालीशी चाललेली घासाघीस शेवटपर्यंत पाही. इतकी शतके माणसे तिच्यातून आत गेली होती. आत जाऊन काय करतात, हे तिला आता कळत होते.

अडचण एकच होती. वेशीच्या आतले तेवढेच शहर. ती बाजारात आली की तिच्या पाठीमागचा भाग शहराबाहेर पडे. दिवेलागणीला ती जिथे उभी असेल तिथे हद्द कायम होई. म्हणून तोवर तिने जागेवर परतणे आवश्यक होते.

या नियमाचा धसका सर्वांत जास्त शेवंताबाई कासारणीला होता. ती वेशीला टेकून बांगड्या विके आणि तिचा परवाना शहरापुरताच होता.

"वेळेत आणा हिला," ती रोज बजावी. "नाहीतर उद्या माझी टोपली उचलतील मेले."

एका मंगळवारी वेस परीट गल्लीत कुमुदकाकूंच्या दारात उभी राहिली ती हलेचना. काकू पायरीवर मेथी निवडत होत्या.

"कोण गं ही?"

"दक्षिण वेस," रेवतीबाई म्हणाल्या.

"मग उभी का? बस म्हणावं."

"तिला बसता येत नाही."

"अगंबाई! आणि चहा?"

चहाही घेता येत नव्हता. ऊन उतरले. शेवंताबाई टोपली डोक्यावर घेऊन धापा टाकत आली.

"बाई, दिवे लागायला आले! काही बोललात का तिला?"

"मी तिला नियम वाचून दाखवला."

"पाहुणीला नियम वाचून उठवतात होय?"

रेवतीबाईंनी विचार केला. ओटी भरल्यावर कोणी पाहुणी रेंगाळल्याचे त्यांच्या पाहण्यात नव्हते. तसे त्यांनी सुचवले.

"पदर कुठाय हिला?" काकूंनी विचारले.

"तिचा उंबरठा चालेल."

काकूंनी दगडाला हळद-कुंकू लावले. खण, नारळ आणि तांदूळ उंबरठ्यावर ठेवले. वेस किंचित हलली. शेवंताबाईला इतके हायसे वाटले की तिने टोपलीतल्या हिरव्या बांगड्या काढून वेशीच्या दाराच्या खिळ्यांवर भरल्या.

"चुडा भरलास?" काकूंनी मेथी खाली ठेवली. "अगं, ओटी आणि हिरवा चुडा म्हणजे पाठवणी झाली! आता ही सासरी जाणार."

वेस निघाली, आणि एरवीपेक्षा भराभर निघाली. रेवतीबाई आणि शेवंताबाई तिच्या मागे धावल्या. आपल्या जागेवर ती पोचली, क्षणभर मागे वळून रस्त्याकडे तिने पाहिले आणि तशीच पुढे माळाकडे गेली. चुडा बराच वेळ किणकिणत होता.

"पाठराखीण म्हणून कोणीतरी जायला हवं होतं," शेवंताबाई रेवतीबाईंकडे बघत म्हणाली.

"माझी नेमणूक हद्दीपर्यंतच आहे."

"मग हद्द कुठाय?"



दिवे लागले तेव्हा वेस कुठे उभी होती, अशी विचारणा नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी केली. रेवतीबाईंनी खरे ते उत्तर दिले: ती उभी नव्हती.

शेवंताबाई अजून त्याच जागी, आता छत्री लावून, बांगड्या विकते. तिची टोपली कोणी उचललेली नाही. ती शहरात बसते की शहराबाहेर, हे ठरलेले नाही.