डाग वर, माल खाली

फळांचं क्रेट कसं भरतात हे सगळ्यांना माहीत आहे. वर टपोरी फळं, मधे बरी, आणि तळाला देवाचं नाव. आमचे शेजारी शेषेराव तात्या मात्र बरोबर उलटं भरतात. डागी, वाकडंतिकडं, एका अंगाने काळवंडलेलं सीताफळ सगळ्यात वर. त्याच्या खाली बरी फळं. आणि तळाला वाडग्याएवढी, सालीवरचा एकेक डोळा उघडलेली, की जी बघून गिऱ्हाईक आधी हसतं आणि मग दुसरं क्रेट मागतं.

"तात्या, असं उलटं कावून?" असं कुणीतरी विचारतंच.

"आदी वाईट सांगतो," तात्या म्हणतात. "मग मागनं दुसऱ्या कुनी सांगायची गरज ऱ्हात न्हाई."

आमचं गाव तेलगावच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. खाली काळ्या रानात ऊस आणि कापूस, वर आमच्याकडे मुरूम. या मुरमात तात्यांची सीताफळाची बाग आहे, आणि बांधाला बांध लागून आमचं रान. तात्यांची कारणं ऐकण्यासारखी असतात. "सीताफळाला पानी लई लागत न्हाई, शेळी तोंड लावत न्हाई, आन् शेजारी चोरत न्हाई."

"शेजारी कावून चोरत न्हाई?" माझे वडील विचारतात.

"तूच सांग बे. तुला तर मी आदीच पाटी भरून देतो."

बागेत ते जहाल औषध मारू देत नाहीत. निंबोळीचा अर्क, शेणाची स्लरी आणि झाडाखाली पाचोळ्याचा जाड थर, एवढ्यावर त्यांचं भागतं. औषध विकणारा एक माणूस बागेत आला होता, त्याला म्हणाले, "तुज्या औषधानं कीड मरती, हे खरं. पर कीड खानारं पाखरूबी मरतं. मग पुडच्या वर्सी झाडावर बसून किडे कुनी खायचे? मी?" तो माणूस परत आला नाही.

सगळ्यांची सीताफळं एकाच आठवड्यात बाजारात येतात आणि भाव पडतो, म्हणून तात्या निम्म्या झाडांची छाटणी मुद्दाम उशिरा करतात. बाजारातला गलका संपला की त्यांचा माल निघतो. फारच डागी फळं ते क्रेटमध्ये घालत नाहीत. त्यांचा गर गंगाकाकू घरीच काढतात आणि आइस्क्रीमवाला डबे भरून नेतो. "डाग सालीला हाय, गराला न्हाई," हे तात्यांचं दुसरं आवडतं वाक्य.

हे फळापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण तात्या माणसंही तशीच भरतात. पुतण्याला बघायला पाहुणे आले, चहा झाला, मुलीच्या वडलांनी विचारलं, "पोराविषयी काही सांगा." तात्यांनी बशी खाली ठेवली. "आदी वाईट सांगतो. धाव्वीला दोनदा बसलाय. झोपला की बैल घोरल्यावानी घोरतो. रागाला आला की जेवत न्हाई, पर सांजच्याला चोरून खातो." आतल्या खोलीत पुतण्याच्या आईने कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी मात्र तिथेच सुपारी फोडायची तयारी दाखवली. जो माणूस एवढं सांगतो त्याच्याकडे लपवायला काही उरलं नसणार, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या खेपेला तात्यांना सरपंचाच्या प्रचारसभेत बोलायला उभं केलं. "आदी वाईट सांगतो" एवढं म्हणताच उमेदवाराने स्वतः येऊन माईक काढून घेतला.

परळीच्या बाजारात पहिल्या वर्षी तात्यांचा माल कवडीमोल गेला. व्यापारी वरचं फळ बघायचे आणि पुढे चालू लागायचे. एकटे करीमभाई थांबले. त्यांचा फळांचा गाळा आहे. माणूस बारकाईने बघणारा, बोलायला गोड. त्यांनी क्रेटवरचं काळं फळ उचललं.

"क्या तात्या, हा काय माल हाय?"

"हा डाग हाय. माल खाली हाय. आन् वरची ती पांढरी राख आमची न्हाई, तुमच्या परळीच्या वीज केंद्राची हाय."

करीमभाई हसले आणि त्यांनी क्रेट गोणपाटावर पालथं केलं. त्या दिवसापासून आजपर्यंत तात्यांचं क्रेट त्यांनी खाली हात घालून कधी बघितलं नाही. वरचं वाईट फळ बघायचं आणि त्यावरून खालच्या मालाचा भाव ठरवायचा, अशी या दोघांची रीत. साऱ्या बाजारात न उघडता विकला जाणारा माल फक्त तात्यांचा. तात्यांना शेतापेक्षा, बागेपेक्षा याचाच अभिमान होता. त्याच्यावरच मी पाणी ओतलं.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. तेव्हा कृषी महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो आणि दिवाळीच्या सुट्टीत गावी आलो होतो. तात्या बहिणीकडे तलवाड्याला गेले होते. सकाळीच टेम्पो दारात आला, फळं तोडून ठेवलेली, आणि क्रेट भरायला कुणी नाही. "काकू, तुम्ही बसा. आम्हाला हे शिकवलंय," असं म्हणून मी बाह्या सावरल्या.

शिकवलं होतं ते खरंच. चांगला माल वेगळा, डागी वेगळा, असं सरांनी सांगितलं होतं. माझ्या ध्यानात राहिलं ते एकच, की ग्राहकाची पहिली नजर महत्त्वाची. मी वीस क्रेट भरले. टपोरी फळं वर, एका रेषेत, सगळ्यांचे देठ एकाच बाजूला. डागी तळाला. टेम्पो गेला तेव्हा मला वाटलं, तात्यांचे उपकार आज थोडे तरी फिटले. माझ्या वसतिगृहाच्या प्रत्येक वर्षी ज्यांच्या बागेची पाटी माझ्याबरोबर यायची, त्यांच्यासाठी मी काहीतरी केलं होतं.

परळीत काय झालं असेल बघा. करीमभाईंनी क्रेटवरची ती वाडग्याएवढी फळं बघितली आणि जागीच बसले. ज्या माणसाचं वाईट असं, त्याचं चांगलं कसं असेल! त्यांनी कधी दिला नव्हता एवढा भाव दिला, आणि वीसच्या वीस क्रेट एका लग्नातल्या बासुंदीसाठी आचाऱ्याला देऊन टाकले, स्वतःच्या शब्दावर. आचाऱ्याने ते पालथे केले आणि तळाची डागी फळं वर आली.

माल तोच होता, तेवढाच होता. फक्त उलटा होता.

दुसऱ्या दिवशी तात्या घरी आले आणि फोन वाजला. ते नुसतं "हां... हां..." म्हणत होते. फोन ठेवून त्यांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी माझ्याकडे. मी सगळं सांगितलं. तात्यांनी रिकामं क्रेट उचललं आणि ते बागेकडे निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"तात्या, मी येतो. मीच सांगतो करीमभाईंना."

"तू घरी ऱ्हा. उद्या तुला नोकरीला त्याच बाजारात हिंडायचंय."

उशिरा छाटलेल्या झाडांवरची निवडक फळं त्यांनी तोडली आणि बदली क्रेट टेम्पोत घालून एकटेच गेले. त्या क्रेटमध्ये वर ठेवायला डागी फळं कमी पडली, तर शेजारच्या बागेतून मागून आणली. दिवसभर मी बांधावर बसून होतो. करीमभाई पुन्हा न उघडता क्रेट घेतील की नाही, एवढा एकच प्रश्न होता, आणि तो परळीत सुटणार होता.

संध्याकाळी तात्या आले ते नाकावर काळ्या काडीचा चष्मा लावून.

"करीमभाई काय म्हनले?" मी विचारलं.

"घेतले. न बघता." मग चष्म्यावर बोट ठेवून म्हणाले, "गेलोच होतो तर डोळे तपासून घेतले. नंबर निघाला."

मला एवढं हायसं वाटलं की पुढे काही विचारलं नाही. नवल वाटायचं ते नंतर. बागेत तात्या चष्मा लावत नाहीत. दहा पावलांवरून फांदीवरच्या फळाचा डोळा उघडला की नाही ते सांगतात. चष्मा लागतो तो फक्त बाजारच्या दिवशी.

गेल्या हंगामात मी त्यांच्याबरोबर परळीला गेलो. आता मी शेतकऱ्यांच्या एका गटाकडे काम करतो, फळं एकत्र विकायचं बघतो. तात्यांनी चष्मा माझ्या हातात दिला आणि नळावर तोंड धुवायला गेले. करीमभाई हसत म्हणाले, "सांभाळ बाबा. त्याच्या या डोळ्यापायी एकदा मी लई शिव्या खाल्ल्या. वीस क्रेट उलटे भरले बुढ्ढ्यानं. 'दिसत न्हाई, करीम, माज्याच हातनं झालं,' म्हनत हितं हात जोडून हुबा."

मी चष्मा डोळ्यांना लावला. समोरचं सीताफळ जसं होतं तसंच दिसलं. काचा साध्या होत्या.

"करीमभाई," मी म्हणालो, "आदी वाईट सांगतो. ते क्रेट मी भरले होते."

त्यांनी नळाकडे एक नजर टाकली. "मालूम हाय. तात्यानं जिंदगीत कवा देठ एका रेषेत लावले न्हाईत. ते शिकलेल्या माणसाचं काम." मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याला सांगू नको. एकच झूट बोललाय बिचारा, आन् तेबी किती वर्सं नाकावर घेऊन हिंडतोय."

तात्या गमज्याने तोंड पुसत आले. मी चष्मा दिला. तो त्यांनी नीट कानामागे अडकवला, क्रेटवरचं सगळ्यात काळं फळ उचलून डोळ्यांजवळ नेलं, आणि ते न्याहाळत राहिले.

"दिसतंय का, तात्या?" करीमभाईंनी विचारलं.

"आता दिसतंय," तात्या म्हणाले.