जावयासाठी इन्व्हर्टर

"अप्पा, हे विचारायलेत, निलंग्यात लाइट अजून जाते का म्हणून."

शिवानीनं पुण्याहून फोनवर एवढंच विचारलं आणि नागप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली. विचारणारे 'हे' म्हणजे जावई मल्लिकार्जुनराव. मूळचे उदगीरचे, पण आता पुण्यात एका कंपनीचं काम करायचे आणि तेही घरी बसून. नागप्पांचं निलंग्यात भांड्यांचं दुकान. माणूस दिवसभर घरात असतो आणि तरी घरच्यांच्या हाती लागत नाही, ही असली नोकरी त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरत नव्हती.

लग्नाला दोन वर्षं होत आली, पण शिवानी माहेरी यायची ती स्टँडवर एसटी थांबते तशी. जरा टेकली की निघाली. कारण दर वेळी एकच, ह्यांचं काम. मागच्या दिवाळीत दोघं राहायला म्हणून आली, तर भर दुपारी लाइट गेली. जावई लॅपटॉप उचलून तडक अंगणात गेला आणि गाडीत जाऊन बसला. काचा वर, एसी चालू. संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही. शेजारच्या केवळाबाईंनी भिंतीवरून मान काढून विचारलं होतं, "अण्णा, जावई रुसला का वो? घरात येईना झालाय."

ते वाक्य नागप्पांच्या मनात दिवाळीपासून सलत होतं. त्यात आता हा फोन.

"टोमणा हाय," ते बायकोला म्हणाले. "सरळ सरळ टोमणा हाय हा."

"नुसतं इचारलंय वो त्यांनी," कमलम्मा म्हणाल्या. "अधिक महिना आलाय, धोंड्याच्या जेवणाला बलवायचंय. तुमी उगं डोक्यात राख घालू नका. मला पोरगी आठ दिवस पायजे. तिच्या केसाला तेल लावून किती दिवस झाले."

नागप्पांनी बोटांवर हिशेब मांडला. "हे बग. लाइट टिकली तर जावई टिकंल. जावई टिकला तर पोरगी टिकंल. म्हंजी आधी लाइट."

त्याच आठवड्यात मोबाइलवर इशारा आला. लातूर, नांदेड जिल्ह्यांत विजांच्या कडकडाटासह वादळी वारे, नागरिकांनी खबरदारी घ्यावी. नागरिक म्हणजे आपण, असं मानणारे नागप्पा हे गल्लीतले एकमेव गृहस्थ होते. ते लातूरला गेले आणि टेम्पोत घालून इन्व्हर्टर घेऊन आले. सोबत बॅटरी.

"हे काय, रेडकू आणलाव का?" बॅटरी उतरवताना कमलम्मांनी विचारलं.

नागप्पांनी बॅटरीला भस्माची तीन बोटं ओढली, नारळ फोडला आणि सोप्यात, पाहुण्यांच्या खुर्चीसमोर, सगळ्यांना दिसेल असा तिचा पाट मांडला. मग वादळाची तयारी सुरू झाली. पत्र्यावर दगड चढले. घरावर आलेली लिंबाची फांदी उतरली, आणि तिच्याबरोबर अंगणातली सावलीही. टाकी, पिंप, हंडे भरून झाले, तरी मन भरेना, म्हणून दुकानातल्या विकायच्या घागरीही भरून ठेवल्या. गिऱ्हाइकानं घागर वाजवून बघायला उचलली की त्याची चप्पल भिजायची. येणाऱ्याजाणाऱ्याला नागप्पा सांगायचे, "वादळ आलं तर लाजू नका. मोबाइल घिऊन सरळ माझ्याकडं या."

"वादळ यायचं तवा यील," कमलम्मा म्हणाल्या, "तुमी मातर येऊन ठेपलाव."

अधिकात जावयाला अनारशांबरोबर दिवा द्यायची रीत. कमलम्मांनी पितळी निरांजन काढून घासून ठेवलं होतं. नागप्पांनी लातूरहून चार्जिंगची मोठी टॉर्च आणली होती.

"दिवा म्हंजी निरांजन असतंय वो, बॅटरी न्हाई."

"निरांजन वाऱ्यानं इझतंय. ही इझत न्हाई. शास्त्रात कुटं लिवलंय टॉर्च चालत न्हाई म्हणून?"

शेवटी ताटात दोन्ही ठेवायचं ठरलं. टॉर्च खोक्यातच राहू दिली, कारण वाण कोरं द्यावं. 

पाहुणे आले. आणि लाइट जायचं नावच घेईना.

एरवी कावळा तारेवर बसला तरी जाणारी लाइट दिवसरात्र ठणठणीत राहिली. आभाळ भरून यायचं, वारा सुटायचा, नागप्पा सोप्यात सावरून बसायचे. तेवढ्यात ढग नांदेडकडं निघून जायचे. नागप्पा पंख्याकडं असे बघायचे, जसं काही त्यानं ऐन वेळी साक्ष फिरवली. जावई कानाला ते काळं यंत्र लावून सकाळपासून इंग्रजीत बोलत असायचा. शिवानी ताट वाढून उभी राहायची, ते निवून जायचं. मधेच तो मान वर करून पंख्याकडं बघायचा आणि विचारायचा, "मामा, लाइट गेली नाही अजून?"

बघा, नागप्पा मनात म्हणायचे. म्हणजे सासऱ्यानं शोभेला आणलाय इन्व्हर्टर.

दुसऱ्या दिवशी जावयानं सांगून टाकलं, "मामा, उद्या धोंड्याचं जेवण झालं की निघावं म्हणतो. काम काही सुटत नाही. इथं काय आणि तिथं काय."

कमलम्मांनी तेलाची बाटली उचलून पुन्हा फडताळात ठेवली. तो आवाज नागप्पांना ऐकू आला. इन्व्हर्टरचा गुण एकदा जावयाला दिसला तर तो थांबेल, याबद्दल त्यांची खात्री होती. पण गुण दाखवायला लाइट जायला हवी, आणि लाइट तर हटून बसलेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी जावई आंघोळीला गेल्यावर नागप्पांनी सोप्यातला मेन स्विच गुपचूप खाली ओढला आणि कुणाला दिसू नये म्हणून त्यावर आपला टॉवेल लटकवला.

इन्व्हर्टरनं क्षणाचाही उशीर केला नाही. पंखा फिरत राहिला, कूलर फिरत राहिला, वायफायच्या डब्याचे हिरवे डोळे मिचमिचत राहिले. जावई येऊन टॉवेलाखालच्याच खुर्चीत बसला आणि लॅपटॉप उघडून बोलायला लागला. कुणाला काही कळलंच नाही. नागप्पांची पंचाईत झाली. इन्व्हर्टर इतका चांगला निघाला की लाइट गेल्याची बातमी त्यांना स्वतःलाच द्यावी लागली.

"जावईबापू, लाइट गेली बरं का."

जावई उभाच राहिला. "गेली? खरंच?" त्यानं लॅपटॉप अर्धा मिटलासुद्धा. मग त्याचं लक्ष वायफायकडं गेलं. "पण नेट तर चालू आहे."

"चालूच ऱ्हाणार की!" नागप्पांची छाती फुगली. "रातपर्यंत चालंल. तुमी बिनघोर बसा."

"अच्छा," जावई म्हणाला, आणि हळूच खाली बसला.

नेमकं त्याच वेळी कमलम्मांनी स्वैपाकघरात पुरणाचा मिक्सर लावला. कूलर, पंखे, वायफाय आणि मिक्सर. इन्व्हर्टर आधी शिट्टी वाजवल्यासारखा ओरडला, मग गप्प झाला. सगळं घर गप्प झालं.

भिंतीवरून केवळाबाईंची मान आली. "अण्णा, तुमची लाइट गेली का वो? आमची तर हाय!"

जावयानं नागप्पांकडं पाहिलं. मेन वर केला की प्रश्न सुटत होता, पण मेन टॉवेलाखाली, टॉवेल जावयाच्या डोक्यावर, आणि जावयाचे डोळे सासऱ्यावर. नागप्पा घामेजले.

"फेज गेली आमची," ते म्हणाले. "तुमची येगळी फेज हाय."

मराठवाड्यात या उत्तराला पुढचा प्रश्न नसतो. पण केवळाबाई परोपकारी निघाल्या. त्यांनी वायरमन हरिओमला तिथूनच फोन लावला. "आरं, अण्णाच्या घरी जावई आलाय, अन् ऐन धोंड्याला फेज गेलीय. असशील तसा ये!"

हरिओम शिडी घेऊन फटफटीवर आला. "अण्णा, मेन बगू बरं आधी."

"मेन बेस हाय. मी सोताच बगितलाय." नागप्पा टॉवेलासमोर असे उभे राहिले, की हरिओमला त्या कोपऱ्यात देव्हारा असावा असं वाटलं.

"मग पोलावरच असंल," म्हणत तो बाहेर गेला, त्यानं गल्लीचा डीपी पाडला आणि खांबावर चढला. गल्लीतले सगळे पंखे थांबले. माणसं बाहेर आली.

"आता समद्यांचीच गेली," केवळाबाई समाधानानं म्हणाल्या. "बरं झालं. एकट्याची गेली की जिवाला लागतंय."

सगळे खांबाकडं बघत असताना नागप्पा आत पळाले आणि मेन वर केला. आता हरिओमनं डीपी चालू केला की झालं. पण हरिओम प्रामाणिक. जो बिघाड नव्हताच, तो त्याला सापडेना, आणि सापडल्याशिवाय तो उतरेना. एक खांब झाला, दुसरा झाला, दुपार कलली. घरात उरलेलं पुरण पाट्यावर वाटायची वेळ आली. शिवानीच्या हातून वरवंटा जावयानं घेतला आणि तो चक्क शीळ घालत पुरण वाटायला बसला. नागप्पांना ते बघवेना.

तेवढ्यात पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. जे ढग दोन दिवस नांदेडची वाट धरत होते, ते आज रस्ता बदलून आले. धुळीचा लोट उठला, हरिओम खांबावरून जवळजवळ घसरतच उतरला, आणि पाठोपाठ केवळाबाईंचा शेवगा कडाडून तारांवर आडवा झाला. नागप्पांचे पत्रे जागचे हलले नाहीत, दगड होते ना. पण तारा लोंबत होत्या.

"अण्णा, तुमच्या फेजनं वाचिवलं बगा," हरिओम ओल्या अंगानं सोप्यात येत म्हणाला. "डीपी बंद नसता तर जाळ झाला असता. पर आता लाइट उद्याच."

नागप्पांनी खोटेपणाचं पुण्य मुकाट पदरात घेतलं. मिक्सर काढून इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. तो चालला. पण येणाऱ्याजाणाऱ्याला दिलेलं आमंत्रण गल्ली विसरली नव्हती. पाऊस थांबताच एकेक जण मोबाइल घेऊन आला. केवळाबाईंनी दोन मोबाइल, नातवाची खेळण्यातली गाडी आणि आणखी लोकांची सोय व्हावी म्हणून स्वतःचा वायरचा बोर्ड आणला. दिवेलागणीला, धोंडे वाफेवरून उतरले तेव्हा, बॅटरीनं मान टाकली. वायफायचे हिरवे डोळेही मिटले.

"आता टॉर्च!" नागप्पांनी खोकं फोडलं. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. कोरं वाण कोरंच होतं. कुणी कधी चार्ज केलंच नव्हतं.

कमलम्मांनी निरांजन लावलं. त्याच उजेडात जावयाला ओवाळलं, त्याच उजेडात सगळे जेवले. जावई तूप मागून मागून जेवला, पण नागप्पांनी अर्धा धोंडा ताटातच ठेवला. हात धुऊन ते ओट्यावर जावयाशेजारी बसले.

"जावईबापू, लई केलं वो मी. पर तुमच्या कामाचं वाटूळंच झालं. सकाळी निघा. मी रोकत न्हाई."

जावयानं मागं वळून पाहिलं. शिवानी आईच्या पुढ्यात बसली होती आणि कमलम्मा तिच्या केसांना तेल चोळत होत्या. मग तो सासऱ्याकडं सरकला, आणि त्याच्या तोंडातून पुणं उतरून उदगीर आलं.

"मामा, खरं सांगू का? लाइट जाते का म्हणून मी आशेनं इचारलं होतं. लाइट गेली की आमचा सायेब काई म्हणत न्हाई. वादळाची बातमी त्याला बी दिसतेय. मी मोकळा. म्हणलं, निलंग्याला जावं, लाइट जाईल, निवांत आठ दिवस पडून ऱ्हावं. अन् आलो तर समोर ह्यो इन्व्हर्टर! म्हणलं, गेली सुट्टी!"

नागप्पा त्याच्याकडं वळले. "अन् दिवाळीत? गाडीत बसून काम केलाव की दिसभर."

"झोपलो होतो, मामा," जावई म्हणाला. "वरीसभरात तेवढीच झोप झाली."

दुसऱ्या दिवशी लाइट नव्हती. जावई उशिरा उठला, घागरीतल्या पाण्यानं आंघोळ केली, ओट्यावर पाय सोडून आंबे चोखत बसला आणि मधेच शिवानीशी हसला. ते हसणं स्वैपाकघरापर्यंत ऐकू आलं. दुपारी हरिओमनं तारा जोडल्या. पंखा गरगरला, गल्लीत पोरं "आलीऽऽ" म्हणून ओरडली, आणि फडताळावरच्या लॅपटॉपनं टुणकन आवाज दिला. जावयानं आंब्याची कोय ताटलीत ठेवली. शिवानी उठून त्याची बॅग शोधायला लागली.

नागप्पा उठले, सोप्यात गेले. आधी इन्व्हर्टर बंद केला. मग मेन खाली ओढला, आणि टॉवेल आपल्या जागी लटकवला.

"अवो, आता तर आलती की!" कमलम्मा म्हणाल्या.

"गेली," नागप्पा बाहेर येत म्हणाले. "फेज गेली."

शेजारून केवळाबाईंची टीव्हीवरची मालिका मोठ्यानं ऐकू येत होती. मल्लिकार्जुनराव शिकले होते इलेक्ट्रिकलच. त्यांनी एकदा शेजारच्या आवाजाकडं कान दिला, एकदा आत लटकलेल्या टॉवेलाकडं पाहिलं, आणि ताटलीतला दुसरा आंबा चोळून मऊ करायला घेतला.

"हाव मामा," ते म्हणाले. "फेजचं लई अवघड असतंय."

भिंतीवरून मान आली. "अण्णा, पुन्यांदा गेली का वो? हरिओमला फोन लावू?"

"लावा की, केवळाबाई," नागप्पा म्हणाले. "पर घाई न्हाई. आठ दिवसांनी लावा."