साष्टी बेटाचे म्हात्रे

म्हात्र्यांनी नोकरीला लागताना अर्जावर पत्ता लिहिला होता, 'मु. दहिसर, साष्टी बेट.' आमच्या वाचनालयाचे कार्यवाह चक्रावले. "अहो, दहिसर बेटावर कधी गेलं?"

"गेलं नाही साहेब, आहेच. वर वसईची खाडी, उजवीकडे ठाण्याची खाडी, खाली माहीमची खाडी, डावीकडे समुद्र. चारी बाजूंनी पाणी! तुम्ही बोरिवलीत राहता म्हणजे तुम्हीसुद्धा बेटावरचेच. फक्त तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

ही गोष्ट ऐंशीच्या दशकातली. बोरिवलीच्या त्या वाचनालयात मी पुस्तकांच्या नोंदी करायचे आणि म्हात्रे पुस्तकं काढून द्यायचे, फाटलेली चिकटवायचे. पन्नाशीचे, काळे, काटक, पांढऱ्या शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. शिक्षण सातवीपर्यंत. पण नकाशांचं कपाट त्यांच्या ताब्यात होतं आणि त्या कपाटातलं एकही बेट त्यांच्या नजरेतून सुटलेलं नव्हतं.

नवा सभासद आला की नाव विचारायच्या आधी त्यांचा प्रश्न, "गाव कुठलं?" सातारा म्हटलं की चेहऱ्यावर दुःख. नागपूर म्हटलं की त्याहून जास्त. "जमीनच जमीन हो, इकडून तिकडून! जीव कसा रमतो तुमचा?" कुणी चुकून "माझा भाऊ मॉरिशसला असतो" म्हटलं, तर त्या माणसाला खुर्ची आणि माझ्या वाटणीचा चहा.

ऑस्ट्रेलियाबद्दल त्यांची एक जुनी तक्रार होती. "सावंतबाई, चारी बाजूंनी पाणी आहे की नाही? मग खंड का म्हणायचं? मोठं झालं म्हणून काय जात बदलायची?"

मुलीच्या लग्नाच्या वेळी तर कमाल झाली. मुलाकडच्यांनी फोनवर विचारलं, "लग्न कुठे?" म्हात्रे म्हणाले, "बेटावर." मुलाच्या आईने धसकाच घेतला. लाटांत होडी उलटली तर वऱ्हाडाचं काय, म्हणून तिने पुरोहिताला विचारून मुहूर्त भरतीचा की ओहोटीचा ते पाहिलं. लग्न दहिसरला, चाळीच्या अंगणात मांडव घालून झालं.

कार्यवाहांना मात्र या सगळ्याचा वैताग यायचा. "म्हात्रे, वाचकांना पुस्तक द्या, भूगोल देऊ नका," असं त्यांनी दोनदा बजावलं होतं. तिसऱ्यांदा लेखी समज देणार होते.

त्याच हिवाळ्यात वाचनालयात एका प्राध्यापकांचं व्याख्यान ठेवलं. विषय 'जगातील बेटे'. म्हात्र्यांनी त्या दिवशी शर्टाला इस्त्री केली आणि दुपारपासूनच खुर्च्या मांडायला घेतल्या. पडद्यावर रंगीत चित्रं झळकू लागली. नारळ, ज्वालामुखी, पेंग्विन. म्हात्रे दाराशी उभे राहून प्रत्येक चित्राला ओळखीचा माणूस दिसावा तशी मान डोलवत होते.

शेवटी प्राध्यापक म्हणाले, "बेटावरची माणसं बिचारी जगापासून तुटलेली असतात. संधी मिळाली की ती पहिली बोट पकडून निघून जातात."

"नाही सर. चूक आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. कार्यवाहांनी डोळे वटारले. मला वाटलं, गेली नोकरी!

प्राध्यापक हसले. "तुम्ही जाऊन आलात वाटतं कुठल्या बेटावर?"

"मी बेटावरच जन्मलो सर. वसईच्या खाडीत. लहानसं आहे, तुमच्या नकाशात दिसणार नाही." ते दारातून दोन पावलं पुढे आले. "दक्षिण अटलांटिकमध्ये त्रिस्तान द कुन्या म्हणून बेट आहे. इनमीन तीनशे माणसं. ज्वालामुखी फुटला आणि सगळ्यांना उचलून इंग्लंडला नेलं. घरं दिली, दिवे दिले, कारखान्यात कामं दिली. सर, ज्वालामुखी थंड झाल्यावर त्या माणसांनी काय मागितलं माहीत आहे? परतीची बोट! मोजके सोडले तर सगळे परत गेले. आपल्या बटाट्याच्या शेतांत, आपल्या वाऱ्यात. बिचारी नाहीत सर ती. बिचारी म्हणू नका."

मागून टाळ्या सुरू झाल्या, त्या पुढच्या रांगेपर्यंत आल्या. प्राध्यापक मोठ्या मनाचे निघाले. खाली उतरून त्यांनी म्हात्र्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "माझं वाक्य मी मागे घेतो." कार्यवाह लगेच पुढे. "आमचे म्हात्रे! मीच नेमलेत." लेखी समज राहिली ती राहिलीच. मला तर इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी शेजारणीला सुनावलं, आपण साष्टी बेटावर राहतो, कळलं?

त्यानंतर महिनाभराने त्यांनी मला त्यांच्या बेटावर नेलं. होडीतून उतरलो. मिठागरं, तिवरं, थोडी घरं, आणि एका ओट्यावर त्यांची ऐंशीच्या घरातली आई. एकटीच. म्हात्र्यांनी तिला दोनदा दहिसरला आणून पाहिलं होतं. आठ दिवस झाले की ती बोचकं बांधून दारात बसायची.

तिच्यासाठी ते दर रविवारी येत. घरात पाणी भरून ठेवत, कौलं बघत, आणि मग तिच्या पायाशी बसून तिला एक बेट सांगत. बेटांची पुस्तकं त्यांनी चाळायला घेतली ती याचसाठी, हे मला त्या दिवशी कळलं. आपल्यासारखी पाण्यात राहणारी अजून कोण कोण माणसं आहेत, असं तिनेच एकदा विचारलं होतं.

त्या रविवारी आयर्लंडजवळच्या बेटांची पाळी होती. "नुसता खडक होता आई. माणसांनी वाळू आणि समुद्राचं शेवाळ पाठीवरून वाहून आणलं, खडकावर पसरलं, त्याची माती केली आणि शेती केली."

"बायांनीच वाहिलं असंल," म्हातारी म्हणाली. मग म्हणाली, "पानी गोर हाय का रं तथं?" गोर म्हणजे गोड.

"गोड आहे."

तिने खाडीकडे पाहिलं. "आन त्यांची पोरं? हायत तथंच, का गेली?"

ते पुस्तक मीच नोंदवलं होतं, वाचलंही होतं. पोरं कधीच बोटी धरून अमेरिकेला गेली, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

म्हात्र्यांनी आईच्या पायावरचं लुगडं सारखं केलं.

"आहेत आई," ते म्हणाले. "सगळी तिथंच आहेत."