टेपवाडीच्या पितळी तोट्यांची मोहीम

राज्य कल्याणकारी, रयतेने मागावे आणि सरकारने द्यावे, ऐसा अंमल चालू असता पोलादपूर तालुकी डोंगरमाथ्यावर टेपवाडी नामे अकरा उंबऱ्यांचा मुलूख, तेथील हकिकत जैसी जाहली तैसी येणेप्रमाणे. पदरचे घातले असल्यास थोडकेच.

सरकारने कृपावंत होऊन दारोदार नळ दिधला आणि नळास पितळी तोटी दिधली. रयतेने विचार केला की ऐसी झळझळीत सरकारी चीज उघड्यावर ठेवणे बरे नव्हे, चोरीस जाईल. मग तोट्या काढून पेटीत बंदोबस्ताने ठेविल्या आणि नळ मोकळे वाहू लागले. शेवटचे ठाणे गोदूबाईसाहेबांचे, तेही चढावर. तेथे नळातून निव्वळ वारा येई. दोन म्हशी तहानेने रेकत आणि बाईसाहेब हंडा घेऊन अर्धा कोस झऱ्यावर स्वारी करीत.

ग्रामसेविका राजमान्य अमिताबाई महाडाहून दुचाकीवर स्वार होऊन आल्या, फर्मान सोडिले आणि नव्या तोट्या वाटल्या. त्याही पेटीत गेल्या. पुन्हा वाटल्या, पुन्हा गेल्या. वरल्या आळीचे हरीराव तर म्हणो लागले, "सरकारचा नळ, सरकार बघल. आपल्याला काय हाय?"

तेव्हा बाईसाहेबांनी मसलत केली. पोलादपूरच्या एसटी स्थानकात एक बाकडे, त्यावर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' ऐसी अक्षरे. माणूस ते आधी पुसतो आणि मग बसतो, हे त्यांनी जातीने पाहिले होते. मग म्हशींची शिंगे रंगवून उरलेला रंग काढिला, अमिताबाईंस लेखनास बसविले, आणि एका सकाळीत दहा नळांच्या माथ्यावर दहा घरांचे वाडवडील स्थापन जाहले. हरीरावांचे मयत आजोबा महिपती, तेही झळकले.

घटका गेली नाही तो समोरल्या बनुबाईंनी हाकारा केला, "हरी रे, तुझा आजा वाहून चाललाय! धर त्याला!"

सारी वाडी हासली. हरीराव अर्ध्या दाढीनिशी धावले, पेटी उपसली, तोटी बसविली आणि आजोबांस आवळून बंद केले. मग घरोघर तीच पळापळ.

दुपारी बाईसाहेबांच्या नळास आधी खोकला आला, मग पाणी आले. म्हशी पोटभर प्याल्या. परंतु यजमान सखाराव हात धुवून, तोटी उघडीच टाकून, तंबाखू मळीत निघाले. बाईसाहेबांनी रंग पुन्हा मागविला आणि भिंतीवर 'सखा यांच्या स्मरणार्थ' लिहविले, आरंभी 'कै.' पुरती जागा मोकळी सोडिली.

"अगो, मी जिता हाय की!"

"तोटी बंद करा, म्हंजे जिते."

सखारावांनी तोटी आवळली. ऐसी फत्ते जाहली. तेव्हापासून मुलखात थेंब गळला नाही, आणि ती मोकळी जागा अद्याप मोकळीच आहे, ऐसी नोंद केली असे.