चार म्हणजे कुठले चार?

"चारला उतरते. न्यायला याल?"

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर लेकीचा एवढाच निरोप आला आणि घड्याळजींच्या हातातला चिमटा गळून पडला. गावभरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या या माणसाचं स्वतःच्या लेकीशी बिनसलं होतं ते वेळेवरूनच. ती राहायची त्या देशातलं घड्याळ इथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. मागच्या खेपेला तिने सरळ इथली वेळ कळवली होती. पण सरळ मानतील तर ते घड्याळजी कसले! त्यांनी त्यातून साडेतीन तास वजा केले, भलत्याच वेळी विमानतळावर जाऊन ताटकळले आणि "आलीच नाही कार्टी" म्हणत घरी परतले. लेक टॅक्सीने दारात उतरली, तर उलट तिलाच फैलावर घेतलं. तिने बॅगही न उघडता परतीची वाट धरली होती.

"या वेळी डोकं चालवू नका," बायकोने बजावलं.

"छे! ती म्हणेल ती पूर्व दिशा."

"पण एवढ्या लांबचा देश तो. विमानाने यायला नऊ तास लागतात म्हणे. म्हणजे ती तिथून निघणार..."

"अगं, नको ना! आकडा दिसला की माझा हात वजाबाकीला शिवशिवतो. चार म्हणजे चार!"

साडेतीनलाच दोघं विमानतळावर हजर. फलकावर तिचं विमान मात्र कुठे दिसेना.

"ते होय?" चौकशीच्या खिडकीतली बाई म्हणाली. "ते साडेबारालाच उतरलं की."

घड्याळजी मटकन खुर्चीत बसले. लेकीचा फोन लागेना, तिथलं सिम इथे चालत नव्हतं.

"संपलं गं सगळं. आता ती माझं तोंडसुद्धा बघायची नाही." त्यांचे डोळे भरून आले. बायको एक टोमणाही मारेना, तेव्हा तर त्यांचा धीरच सुटला.

ती पाणी आणायला उठली आणि खांबापाशी थबकली. पलीकडे बॅगेवर डोकं टेकून लेक झोपली होती.

"अगं बाळा, टॅक्सी नाही का करायचीस?"

"न्यायला याल का, असं मीच विचारलं होतं ना, आई."

"पण तू चार लिहिलंस!" घड्याळजी कळवळले.

"तिथले चार, बाबा! तुम्ही साडेतीन तास वजा करणार म्हणजे करणारच. म्हटलं, यंदा आपणच शहाणं व्हावं."

"आणि यंदाच मी नाही गं केले वजा! तुझ्यावर विश्वास ठेवला."

आधी हसली ती आई. घड्याळजींनी पुढे होऊन बॅग उचलली.

"मागच्या वेळी चुकलं माझं," ते पुटपुटले.

"आणि या वेळी?"

"या वेळीही माझंच, बाई."

"राहू दे. भूक लागलीये. घरी पोचायला किती वेळ लागेल?"

घड्याळजींचं मनगट सवयीने वर गेलं. बायकोने नुसतं बघितलं. त्यांनी हात हळूच खाली घेतला.

"आईला विचार."